नवा समुद्रघोडा, चार दिवस झाले, मायसिसला तोंड लावत नाही

शार्लटकर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मुक्काम नॉर्थ कॅरोलायना. गुरुवारी कुरिअरने हिप्पोकॅम्पस इरेक्टसची जोडी आली. दोघंही टाकीतच जन्मलेले, साधारण ४ इंचांचे, गोठवलेल्या मायसिसवर (कोळंबीसारखे बारीक जीव) वाढवलेले असं विक्रेत्याने लेखी दिलंय. मादी दुसऱ्या दिवसापासून खातेय. नराने आजतागायत एकही उचललेला नाही.

टाकी ४५ गॅलनची, २४ इंच उंच, पाच महिने चाललेली. तापमान ७८ फॅरनहाइट, विशिष्ट गुरुत्व १.०२४, पीएच ८.१, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएम. दुसरे मासे नाहीत, नॅसॅरियस गोगलगायी आहेत. सकाळी मायसिसचा एक चौकोन आणि संध्याकाळी एक, वितळवून टाकीत ओततो. आल्या दिवशी तीन तास ठिबक लावून पाण्याची सवय करून दिली होती.

काय चुकतंय?

भरतीओहोटी (सोमवार, रात्री १०.१५)

माहिती नीट दिलीत, निम्मं काम झालं. दोन गोष्टी लगेच खटकल्या: ७८ अंश आणि अख्खा चौकोन ओतणं. त्यावर येतोच. पण त्याआधी एक करा. 'खात नाही' हे काही निदान नव्हे. त्यात तीन निरनिराळी दुखणी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

समुद्रघोड्याचे डोळे सरड्यासारखे सुटे फिरतात. भुकेला प्राणी आधी एक डोळा भक्ष्यावर लावतो, मग दुसराही तिकडे वळवतो. हळूहळू मान वाकवून तोंडाची नळी त्या कणाच्या रेषेत आणतो आणि थांबतो. हे थांबणं कधी कधी पाच-दहा सेकंदांचं असतं. नवख्या माणसाला वाटतं, झोपलाच. मग टिच्! डोकं झटक्यात वर जातं, मायसिस गायब, आणि कल्ल्यांतून बारीक भुकटीचा ढग बाहेर पडतो. शांत खोलीत ही टिचकी काचेबाहेर ऐकू येते. दात नाहीत, चावणं नाही. सगळा मामला एका ओढीचा.

आता तुमच्या नराचं गाडं यात कुठे अडतंय ते बघा.

डोळेच फिरत नसतील, खाणं नाकासमोरून गेलं तरी ढिम्म असेल, तर खाणं बदलून उपयोग नाही. तिथे पाणी, तापमान, भीती किंवा आजार.

डोळा लावतो, मान वाकवतो, मागे मागे जातो आणि ऐनवेळी सोडून देतो, तर प्राणी बहुधा ठणठणीत आहे. त्याला ते खाणं वाटत नाहीये. किंवा प्रवाह इतका की नेम धरेपर्यंत मायसिस पुढच्या गावाला.

टिचकी मारतो पण आवाज नाही, मायसिस नळीच्या टोकाला चिकटून राहतो, किंवा आत गेलेला बाहेर थुंकतो, तर तोंडात नाहीतर कल्ल्यांत काहीतरी आहे. तिथे वेळ घालवायचा नाही.

उद्या दिवे लागल्यावर तासभर थांबा. सकाळी जोडीचं एकमेकांना भेटणं चालू असतं, तेव्हा खाण्याकडे लक्ष नसतं. मग सगळे पंप बंद करा, पाच-सहा अख्खे मायसिस सोडा आणि खुर्ची टाकून पंधरा मिनिटं नुसतं बघा. व्हिडिओ काढलात तर आणखी बरं.

शेवाळ (सोमवार, रात्री १०.५२)

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी ठिबकवर बोलतो, कारण ही चूक यूट्यूब बघून सगळेच करतात.

कुरिअरच्या पिशवीत प्राणी वीस-चोवीस तास असतो. त्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो. अमोनियाही साठतो, पण पीएच कमी असल्याने तो बहुतांश अमोनियम रूपात असतो आणि ते रूप फारसं विषारी नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडू लागतो, वर तुम्ही ८.१ पीएचचं पाणी थेंब थेंब घालता. पीएच चढतो, अमोनियमचा अमोनिया होतो, आणि प्राणी तीन तास त्यातच बसतो. कल्ले भाजतात. मग दोन-चार दिवस मलूल राहतो, खात नाही, आणि आपण मायसिसचा ब्रँड बदलत बसतो.

लांबून आलेल्या पिशवीसाठी रीत वेगळी. पिशवी येण्याआधी विक्रेत्याला त्याच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व विचारायचं आणि विलगीकरणाची टाकी तेवढ्यावरच आणून ठेवायची. खोलीत अंधूक उजेड. बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की उघडायची, पाच-पाच मिनिटांनी दोन-तीन पेले टाकीचं पाणी घालायचं आणि सरळ हाताने उचलून टाकीत. हात ओला, अंगठ्या काढलेल्या, शेपटी बोटाला गुंडाळू द्यायची. जाळी वापरायची नाही. पिशवीतलं पाणी सिंकमध्ये.

आता झालं ते झालं. अमोनिया शून्य असेल तर कल्ले आपोआप सावरतात.

तापमान मात्र उतरवा. इरेक्टस, रीडाय, कुडा या मंडळींना ७० ते ७४ फॅरनहाइट, म्हणजे २१ ते २३ सेल्सिअस पुरतं. प्रवाळाच्या टाकीचे ७८ इथे नकोत. ऊन पाण्यात व्हिब्रिओ जिवाणू जोमाने वाढतात, आणि प्रवासाने दमलेला उपाशी प्राणी त्यांना आयताच सापडतो. एकदम नाही, दिवसाला एक-दोन अंश. हीटर खाली आणा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने तीन-चार अंश सहज उतरतात, पण पाणी खारट होत जातं. रोज गोड्या आरओ पाण्याची भर घाला. हीटरला जाळीचं कवच आहे ना? शेपटी गुंडाळायला त्याला हीटरच आवडतो.

कोथरूडचा_बोका (मंगळवार, सकाळी ८.०५)

भारी धागा, वाचनखूण साठवली. पुण्यात अशी जोडी कुठे मिळेल? साधारण किती पडते?

शेवाळ (मंगळवार, सकाळी ८.३०)

बोकाशेठ, पुण्यात नाही आणि भारतात कुठेच नाही. समुद्रघोडे आणि त्यांचं सगळं नळीतोंडं कुळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. पाळणं, विकणं, वाळवलेला शोकेसमध्ये ठेवणं, सगळाच गुन्हा. कोणी दुकानदार 'बाहेरून मागवून देतो' म्हणाला तर तिथून निघा. या धाग्यावरचे सगळे अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे ठिकाणचे आहेत आणि टाकीत पैदास केलेल्या प्राण्यांबद्दल बोलताहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही मे २००४ पासून साइट्स या वन्यजीव व्यापार कराराचं नियंत्रण आहे.

कोकण-गोव्याकडे जाळ्यात आलेला दिसला तर जिवंत असतानाच पाण्यात परत सोडायला सांगा.

अवांतर: घरी सांगताना 'पाणघोडा' म्हणू नका. तो हिप्पो. फोनवर फार गोंधळ होतो.

शार्लटकर (मंगळवार, रात्री ८.२०)

पंप बंद करून बघितलं. भरतीओहोटी, तुमचा दुसरा प्रकार. डोळा लावतो, मान वाकवतो, मायसिस खाली पडेपर्यंत त्याच्यामागे चार इंच गेला, तळाला पडल्यावर अर्धा मिनिट बघत राहिला आणि वळला. असं तीनदा. टिचकी एकदाही नाही. श्वास मादीइतकाच, रंग काळपट नाही. तापमान आज ७६.

भरतीओहोटी (मंगळवार, रात्री ८.४५)

झकास. भूक आहे, नजर आहे, नेमही आहे. मायसिस तळाला निपचित पडला की त्याच्या लेखी तो कचरा. टिचकीचा घोडा ओढायला हालचाल लागते.

रोखठोक (मंगळवार, रात्री ९.१०)

जिवंत खाणं सुरू करू नका, एकदा चटक लागली की गोठवलेलं बघणार नाही. दोन-तीन दिवस काही घालू नका. भूक लागली की झक मारत खाईल.

खाडीकाठ (मंगळवार, रात्री ९.३५)

रोखठोक, हा सल्ला मांजराला ठीक आहे. समुद्रघोड्याला जठरच नाही. खाल्लेलं सरळ आतड्यातून पुढे, साठवण जवळपास नाही. म्हणून तर निरोगी प्राण्यालाही दिवसातून दोनदा-तीनदा घालावं लागतं. चार दिवस आधीच गेलेत. चांगला पोसलेला मोठा प्राणी आठवडाभर तग धरेलही, पण अशक्त झाला की नेम चुकतो, नेम चुकला की आणखी अशक्त. पिल्लांच्या बाबतीत तर इतका अवधीही नसतो. आधी पोटात काहीतरी जाऊ द्या, शिस्त नंतर.

शार्लटकर, जिवंत खाण्यात तुम्हाला तिथे काय मिळेल ते सोयीच्या क्रमाने सांगतो.

पहिलं तुमच्या घरातच असेल. संपमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) कीटोमॉर्फा शेवाळाचा गोळा असेल तर तो पांढऱ्या टबात टाकीच्याच पाण्यात धरून जोरजोरात झटका. तळाला करड्या रंगाचे, कुशीवर पडून सरपटणारे ॲम्फिपॉड दिसतील, पाच-सात मिलिमीटरचे. पिपेटने उचला. समुद्रघोड्याला यांच्यापुढे श्रीखंड फिकं. फुकट, खाऱ्या पाण्यातले, तुमच्याच टाकीतले, म्हणून बाहेरून रोग येण्याची धास्ती नाही.

दुसरं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात घोस्ट श्रिंप म्हणून मिळणारी काचेसारखी गोडी कोळंबी. मोठ्या माशांना चारा म्हणून विकतात. त्यातली सगळ्यात लहान निवडून मागा, सेंटिमीटरच्या आतली. लांबीपेक्षा जाडी बघा, नळीच्या तोंडात मावली पाहिजे. दुकानाचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. वेगळ्या भांड्यात एक दिवस ठेवून तिला चांगलं माशांचं खाणं घाला, म्हणजे तिच्या पोटातलं याच्या पोटात जातं. खाऱ्या पाण्यात ती फार वेळ जगत नाही, म्हणून एका वेळी दोन-तीनच सोडा आणि मेलेली लगेच काढा.

तिसरं, जिवंत मोठे ब्राइन श्रिंप. छान तुडतुडतात, नवखा प्राणीही मारतो. पण नुसते घातले तर पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. डीएचए हे मेदाम्ल त्यांच्यात नगण्य. आधी गाळणीत गोड्या पाण्याने धुवा, मग एक लिटर खाऱ्या पाण्यात हवेचा दगड लावून आठ-बारा तास डीएचएयुक्त द्रावण पाजा, पुन्हा धुवा आणि लगेच घाला. उशीर केलात तर त्यांचं पोट रिकामं होतं आणि सगळी मेहनत वाया.

नुकतीच उबवलेली ब्राइनची पिल्लं मोठ्या इरेक्टसला घालू नका. तो त्यांच्याकडे बघतही नाही, नुसतं पाणी खराब.

बटूप्रेमी (मंगळवार, रात्री १०.०२)

शेवटच्या ओळीला पुरवणी: हिप्पोकॅम्पस झोस्टेरी हा इंचभराचा बटू समुद्रघोडा असेल तर नियम उलटा. त्याला तीच पिल्लं लागतात, रोज दोनदा. अंडी खाऱ्या पाण्यात, ८० फॅरनहाइटच्या आसपास, उजेडात, खालून जोरात हवा देऊन. साधारण दिवसभरात फुटतात. फुटल्यावर पहिले काही तास पिल्लाला तोंडच उघडलेलं नसतं, त्यामुळे लगेच द्रावण पाजण्यात अर्थ नाही. पहिली कात टाकू द्या, मग पाजा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे जमतात. बॅटरी खाली धरा आणि नळीने खालून ओढून घ्या. गोठवलेल्याचा नाद बटूंच्या बाबतीत सोडलेलाच बरा.

दादरची_सून_डॅलसला (बुधवार, सकाळी ७.१५)

भाबडा प्रश्न आहे, हसू नका. मायसिस दिसायला हुबेहूब जवळ्यासारखा. इथल्या देशी दुकानात जवळा मिळतो, मग एवढं महाग पाकीट कशाला?

खाडीकाठ (बुधवार, सकाळी ७.४०)

हसलो, पण प्रश्न भाबडा नाही. दुकानातला जवळा सुकवलेला असतो. कडक, टोकदार, बऱ्याचदा मिठाचा. नळीतोंड्याला तो ओढताही येत नाही. ओला जवळा म्हणजे ॲसिटिस, कोळंबीचा भाऊबंद. मायसिस वेगळ्या घराण्यातला, मादीच्या पोटाशी अंड्यांची पिशवी असते म्हणून वेगळा ओळखू येतो. ओला जवळाही ४ इंची प्राण्याला लांब पडू शकतो. तुमच्या जवळ्याची चटणीच करा.

मायसिसमध्येही दोन तऱ्हा आहेत. पीई कंपनीचा मायसिस कॅनडातल्या ओकानागन तळ्यातला, म्हणजे गोड्या पाण्यातला. मोठा आणि चरबीदार. हिकारी कंपनीचा बारीक. ४ इंची प्राण्याला सुरुवातीला बारीक सोपा जातो. ६ इंचांच्या पुढे पीई, कारण कमी टिचक्यांत पोट भरतं.

पाकीट घेताना उजेडात धरून बघा. मायसिस अख्खे, डोळे काळे आणि जागच्या जागी हवेत. चौकोनात बर्फाची फुलं, तळाला गुलाबी चिखल, अर्धे तुकडे असतील तर तो माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला आहे. समुद्रघोडा मायसिसच्या डोळ्यावर नेम धरतो असं आम्हा सगळ्यांचंच मत आहे; बिनडोळ्यांच्या तुकड्याकडे तो बहुतेकदा पाठ फिरवतो.

शार्लटकर (बुधवार, रात्री ९.०५)

कीटोचा गोळा झटकला. सव्वीस ॲम्फिपॉड निघाले! पंप बंद, नराच्या समोर पाच सोडले. दहा सेकंदांत पहिली टिचकी. आवाज आला. चार खाल्ले, एक दगडाखाली पळाला. आता गोठवलेल्यावर कसं आणायचं?

भरतीओहोटी (बुधवार, रात्री ९.५०)

अभिनंदन. आता घाई नको. आधी तीन दिवस नुसतं जिवंत, दिवसातून तीनदा, पोटाच्या पट्ट्या समोरून सपाट दिसेपर्यंत. समोरून म्हणतोय, बाजूने नाही. पोटाचा भाग दोन्ही बाजूंनी आत चेपलेला दिसला तर प्राणी उपाशी आहे. रोज एकाच जागेवरून समोरून फोटो काढा. डोळ्यांना फरक कळत नाही, फोटोत कळतो.

चौथ्या दिवसापासून मिसळ. यात तयारीलाच जास्त महत्त्व आहे, म्हणून सविस्तर.

चौकोन सुरीने कापा, पाव भागच घ्या. तुमच्या जोडीला एका वेळी १५ ते २० मायसिस पुष्कळ. चौकोनात त्याच्या कितीतरी पट असतात आणि उरलेले सगळे खडकामागे कुजतात. कपात टाकीचं गार पाणी घेऊन त्यात वितळवा. गरम पाणी, मायक्रोवेव्ह अजिबात नको, सालं फुटून आतला रस निघून जातो. बारीक जाळीत धुवा, गढूळ पाणी फेका. मग चिमट्याने अख्खे अख्खे निवडा. तांदूळ निवडतो तसं. पोषक द्रावण घालायचं तर दोन थेंब, दहा मिनिटं; जास्त घातलं तर पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस काढतो.

पंप बंद. रिटर्न पंपही. बंद केलेला पंप चालू करायला विसरणं हा या छंदातला सगळ्यात जुना अपघात. कंट्रोलरला खाण्याचा मोड असेल तर तो लावा, नाहीतर मोबाइलवर ३० मिनिटांचा गजर.

आधी दोन ॲम्फिपॉड सोडा. त्याने पहिली टिचकी मारली की तो शिकारीच्या तंद्रीत येतो. त्या मिनिटाभरात मायसिस द्यायचा. लांब पिपेट किंवा हवेची कडक नळी घ्या, टोकाला एकच मायसिस, डोळे बाहेरच्या बाजूला. वरून आणू नका, वरून येणारी वस्तू म्हणजे पक्षी. बाजूने, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, नळीच्या टोकापासून दीड-दोन इंचांवर थांबा. मग बोटाने पिपेटच्या फुग्यावर इतका हलका दाब की मायसिस नुसता थरथरावा. फवारा मारला तर तो घाबरून शेपटी आवळतो आणि त्या दिवसापुरता कारभार संपला.

एक खाल्ला की थांबू नका, लगेच दुसरा. नाही खाल्ला तर एक ॲम्फिपॉड देऊन पुन्हा. रोज जिवंत एकाने कमी. दोन आठवडे धरून चाला. तुमचा आधी गोठवलेलं खात होता, त्यामुळे लवकर आठवेल. समुद्रातून पकडलेल्याला महिना लागतो आणि कधी कधी तोही पुरत नाही.

मादीचा उपयोग करून घ्या. तिला त्याच्या शेजारच्याच खुंटावर खाऊ घाला. एकीचं बघून दुसरा टिचकी मारतो.

खाडीकाठ (बुधवार, रात्री १०.२०)

थाळीही आत्ताच लावा. उथळ काचेची वाटी किंवा मोठा शिंपला, शेपटी गुंडाळायच्या खुंटाशेजारी, तळापासून चार-सहा इंच वर. तळावर ठेवलीत तर नॅसॅरियस पाच मिनिटांत पंगतीला हजर. पिपेटने खाणं रोज त्या थाळीवरच देत राहा, शेवटचे दोन-तीन मायसिस थाळीत सोडून द्या. काही आठवड्यांत पिपेट दिसली की दोघं स्वतः थाळीवर येऊन बसतात. मग तुमचं काम ओतणं आणि ३० मिनिटांनी उरलेलं खेचून घेणं, एवढंच.

आणि नर मादीच्या मागे पडत असेल तर त्याला पिल्लांसाठी मिळणाऱ्या भोकांच्या तरंगत्या पेटीत ठेवा, त्याच टाकीत. आत एक प्लास्टिकची वेल. जागा लहान, त्यामुळे भक्ष्य दाट. त्याला शोधायला लागत नाही.

लसूणपाती (गुरुवार, सकाळी ६.५५)

मायसिस लसणाच्या रसात भिजवून बघा. भूक वाढते म्हणतात.

शेवाळ (गुरुवार, सकाळी ७.१०)

म्हणतात. आपल्याला काय, कशावरही लसणाची फोडणी. समुद्रघोडा नजरेने शिकार करतो, वासाने नाही. नुकसान फारसं नाही, पण त्यावर विसंबून दिवस घालवू नका.

खवलेमांजर (गुरुवार, दुपारी १२.४०)

जलचरांची पशुवैद्य आहे, म्हणून फक्त तिसऱ्या प्रकारावर लिहिते. शार्लटकरांचा नर त्यातला नाही, पण पुढे धागा शोधत येणाऱ्यांना लागेल.

टिचकी कमजोर असेल, म्हणजे डोकं उडतं पण आवाज नाही आणि मायसिस आत जात नाही, तर नळीचं टोक भिंगाने बघा. टोक फिकं, गुलाबी, सुजलेलं किंवा झिजलेलं असेल तर नळी सडायला लागली आहे. तिथे तासांचा हिशेब असतो. टोक नीट असेल पण प्राणी खडकाला डोकं घासतो, एकच कल्ला जोरात चालतो, जांभई दिल्यासारखं सारखं तोंड उघडतो, तर कल्ल्यांत परजीवी असण्याची शक्यता जास्त. समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेले प्राणीही 'पाळीव' म्हणून विकले जातात. त्यांच्यात हे नेहमी दिसतं. विकत घेताना टाकीत वाढवलेला की पिंजऱ्यात, हे स्पष्ट विचारा.

विष्ठा बघत जा. तपकिरी, आखूड गोळी म्हणजे ठीक. पांढरा लांब दोरा लोंबत असेल तर आतडं रिकामं आहे किंवा आतड्याचा संसर्ग आहे. खातोय तरी दोरा पांढराच, असं असेल तर ताजा नमुना छोट्या बाटलीत टाकीच्याच पाण्यात घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे. सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटांत पुष्कळ कळतं. इंटरनेटवरून तीन औषधं मागवून तिन्ही एकदम टाकीत घालणारे भेटतात. जिवाणूंची गाळणी मरते, अमोनिया चढतो, आणि मग प्राणी कशाने गेला हे कुणालाच सांगता येत नाही.

नळीने पोटात खाणं घालता येतं, मऊ नळी आणि छोट्या सिरिंजने. पण पहिल्यांदा कुणाचा तरी हात बघून शिका. नळी कल्ल्यांत गेली तर मदत करता करता इजा होते.

नर असेल तर शेपटीच्या मुळाशी असलेली पिल्लांची पिशवी बघायला विसरू नका. पिल्लं व्हायच्या आधी-नंतर एखादा दिवस तो खात नाही, ते चालतं. पिशवीत हवा अडकून तो वर तरंगत असेल तर मात्र थाळीपर्यंत पोचताच येत नाही म्हणून उपाशी राहतो. लोक खाणं बदलतात, आणि अडचण असते बुडबुड्याची.

मेलबर्नची_मावशी (गुरुवार, रात्री ११.३०)

आमच्याकडचे पोटाळ समुद्रघोडे, हिप्पोकॅम्पस ॲब्डॉमिनॅलिस, थंड पाण्यातले. त्यांना वरचे ७०-७४ फॅरनहाइट म्हणजे ताप. १६ ते १८ सेल्सिअस, उन्हाळ्यात चिलर लागतोच. चिलर बंद पडला की पहिलं लक्षण म्हणजे खाणं सोडतात. बाकी पिपेट, थाळी, पंप बंद, सगळं तेच. फक्त हे थोराड, एका वेळी वीस-पंचवीस मोठे मायसिस फस्त करतात.

शार्लटकर (पुढचा रविवार, संध्याकाळी ६.१५)

हालहवाल. तापमान ७३ वर स्थिर. शनिवारी पहिला गोठवलेला मायसिस, ॲम्फिपॉडनंतर लगेच. थरथरवण्याची युक्ती बरोबर होती, दोनदा फवारा जास्त झाला तेव्हा तो खरंच आवळून बसला. आज सकाळी तीन ॲम्फिपॉड आणि सात मायसिस. थाळीवर अजून येत नाही, मादी येते.

एक अडचण: एखादा मायसिस मारून झाल्यावर तोंडात धरून थुंकतो, पुन्हा मारतो, मग गिळतो. तिसरा प्रकार तर नाही?

खवलेमांजर (रविवार, संध्याकाळी ७.००)

टिचकीला आवाज आहे आणि शेवटी गिळतो, म्हणजे काळजी नको. मायसिस आडवा आला की तो थुंकून सरळ करून घेतो. पीई वापरत असाल तर आठवडाभर बारीक द्या. प्रत्येक वेळी थुंकायला लागला तर कळवा.

शार्लटकर (दोन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ९.२५)

धागा वर काढतोय. आज नर थाळीवर आला, ११ मायसिस, जिवंत एकही नाही. विष्ठा तपकिरी. सगळ्यांना दंडवत.

आता पुढचं. नाताळात सहा दिवस बाहेर जायचंय. शेजारी खाणं घालायला तयार आहे, पण त्याला टाकीचा गंध नाही. चौकोन दिला तर तो अख्खा ओतणार, हे लिहून घ्या.

खाडीकाठ (बुधवार, रात्री ९.५५)

औषधाच्या दुकानात आठवड्याच्या गोळ्यांची डबी मिळते, सकाळ-संध्याकाळ असे चौदा खण. जायच्या आदल्या रात्री प्रत्येक खणात मोजून १८ मायसिस भरा आणि डबी फ्रीझरमध्ये. जास्त वितळू देऊ नका, गोठलेलेच निवडून पटापट भरा. शेजाऱ्याला सांगायचं एवढंच: एक खण, गार पाणी, दहा मिनिटं, थाळीत. रिकाम्या खणावरून विसरला की नाही तेही कळतं. पंपाचं बटण त्याच्या हातात देऊ नका, आधीच अर्ध्या तासाचा टायमर लावा, सकाळी ९ आणि संध्याकाळी ६ ला. जायच्या आधी दोन दिवस त्याच्याकडून तुमच्यादेखत घालून घ्या.

दादरची_सून_डॅलसला (बुधवार, रात्री १०.१०)

आणि डबीवर मोठ्या अक्षरात 'माशांचं' लिहा. मायसिस आणि ओला जवळा फ्रीझरमध्ये शेजारी शेजारी असले की सासूबाई कांदा चिरायला घेतात.